बोथट नॉच आणि माझी सही

चार्पी इम्पॅक्ट टेस्टचा, म्हणजे थंड केलेला पोलादाचा पीस हातोड्याच्या एका घावात तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट हातात पडला तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की लॅबने घोळ घातलाय. कूपनच्या, म्हणजे चाचणीसाठी वेल्ड केलेल्या नमुना प्लेटच्या, वेल्डमधून काढलेल्या तीन पिसांचे आकडे होते ३१, १६ आणि २४ जूल. उणे ४६ अंश सेल्सिअसला सरासरी किमान २७ हवी आणि एकही पीस २० च्या खाली नको, अशी ग्राहकाची अट होती. आमची सरासरी भरली २३.७, आणि १६ चा पीस तर त्याच्या एकट्याच्या जिवावर नापास. त्याच कूपनमधल्या हॅझचे, म्हणजे वेल्डला लागून असलेल्या, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यातले आकडे मात्र ११८, ९६, १३१. प्लेट उत्तम, हॅझ उत्तम आणि मधला वेल्ड काचेसारखा. हे मला पटेना.

पटेना याला कारणं होती. रेडिओग्राफीत एक टिपका नव्हता. टेन्साइल, म्हणजे खेचून तोडायची चाचणी, प्लेटमध्ये तुटलेली, बेंडला, म्हणजे वाकवून पाहताना, भेग नाही. वेल्डिंगचा रॉड ७०१८-१, म्हणजे साध्या ७०१८ पेक्षा जास्त थंडीत चालणारा. साध्याची इम्पॅक्ट उणे ३० च्या आसपास तपासतात, याची उणे ४६ च्या आसपास. बॅचचं सर्टिफिकेट मी स्वतः फाइलला लावलं होतं. वेल्डिंगच्या नोंदींच्या तक्त्यावर सगळे आकडे मर्यादेत होते आणि खाली माझी सही. राहिली कोण? लॅब.

खरं सांगायचं तर पाच वर्षं क्वालिटीत काढूनही चार्पी टेस्ट मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. कूपन पाठवायचं, चार दिवसांनी आकडे यायचे, ते फाइलला लावायचे. आमच्या वरिष्ठांनी माझी तणतण ऐकून घेतली आणि म्हणाले, "भांडायला जायचंय ना? मग आधी बघून तरी ये काय करतात ते." मी रात्री बसून शंकांची यादी केली. मशीनचं घर्षण. पीस थंड करण्याची पद्धत. बाथमधून काढून तोडेपर्यंत गेलेला वेळ. नॉचची, म्हणजे पिसावर पाडलेल्या खाचेची, मापं. पीस मशीनमध्ये अडकला होता का. अकरा मुद्दे निघाले. वकिलाच्या थाटात फाइल काखेत मारून गेलो.

लॅबमध्ये इम्पॅक्टचं मशीन सांभाळणारे एक वयस्कर तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणू लागलो. यादी त्यांनी शांतपणे वाचली, पेन काढलं आणि समासात काही मुद्द्यांपुढे एक छोटी फुली केली. कशाची फुली ते सांगितलं नाही. "चला, आधी मशीन दाखवतो."

मशीन म्हणजे काय, तर एक झोका. ३०० जूलचं मशीन. वीसेक किलोचा हातोडा सुमारे दीड मीटर उंचावर अडकवलेला. सोडला की खाली येईस्तोवर सेकंदाला पाच-साडेपाच मीटरचा वेग घेतो, तळाशी दोन टेकूंवर ठेवलेला पीस तोडतो आणि पलीकडे वर जातो. पीस तोडायला जितकी ऊर्जा गेली तितका पलीकडे कमी चढतो. चढ किती कमी पडला यावरून जूल. एवढंच. इतक्या साध्या यंत्रावर माझा पीक्यूआर, म्हणजे वेल्डिंगची पद्धत चाचण्यांत उतरल्याचा दाखला, अडकला होता. जॉर्ज शार्पी या फ्रेंच इंजिनिअरने ही पद्धत बसवली ती १९०१ च्या सुमारास, आणि आपण सगळे त्याच्या नावाचा चार्पी करून टाकलाय. तेव्हापासून आजपर्यंत काटा जाऊन डिजिटल आकडे आले, जाळीचा दरवाजा आला, झोका तोच.

काकांनी पीस न ठेवताच हातोडा सोडला. तो सणसणत गेला, पलीकडे जवळजवळ तितकाच चढला आणि आकडा शून्याला चिकटून थांबला. "रोज सकाळी पहिलं काम हे. रिकामा झोका शून्य दाखवत नसेल तर त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही." शिवाय वर्षातून एकदा माहीत ताकदीचे प्रमाणित पीस आणून तोडायचे आणि आकडे जुळतात का पाहायचं. ते सर्टिफिकेटही समोर ठेवलं. मुदतीत होतं.

"आता सांगा," काका म्हणाले, "समजा बेअरिंग धरतंय, घर्षण वाढलंय. हातोडा पलीकडे कमी चढेल. मशीनला वाटेल की पिसाने जास्त ऊर्जा खाल्ली. मग तुमचा आकडा वाढेल की घटेल?"

"वाढेल."

यादीतल्या पहिल्या मुद्द्यापुढच्या फुलीवर त्यांनी बोट ठेवलं. तेव्हा फुलीचा अर्थ लक्षात आला आणि माझ्या पोटात थोडं हललं.

पुढचा मुद्दा थंड करण्याचा. बाथ म्हणजे इन्सुलेशन केलेली एक चौकोनी टाकी, तीत ॲसिटोन, आणि त्यात ड्राय आइसचे खडे टाकत टाकत उणे ४६ वर आणलेलं. खडा पडला की बुडबुडे उसळायचे, वर पांढरी वाफ सांडायची. पीस तळाला टेकू द्यायचे नाहीत, जाळीवर ठेवायचे, चहूबाजूंनी द्रव खेळला पाहिजे. तापमान एक अंश इकडे-तिकडे चालतं, त्याहून नाही. किमान पाच मिनिटं ठेवायचे. काका दहा ठेवत. पीस उचलायचा चिमटाही त्याच बाथमध्ये बुडवून ठेवलेला. हे मला सुचलं नसतं. गरम चिमट्याने थंड पीस धरला की नेमका नॉचच्या जवळचा भाग तापायचा, आणि सगळं मोजमाप तिथलंच.

मग बाथमधून पीस काढायचा, टेकूंवर ठेवायचा, नॉच हातोड्याच्या विरुद्ध बाजूला आणि बरोबर मध्यावर, जाळी लावायची आणि हातोडा सोडायचा. सगळं मिळून पाच सेकंदांत. मी म्हटलं, यात काय अवघड आहे. काकांनी लगेच भंगारातला एक पीस बाथमध्ये टाकला आणि हातमोजे माझ्याकडे दिले.

पहिल्या वेळी पीस चिमट्यातून सुटला आणि टाकीच्या कडेवर आपटून पुन्हा आत गेला. दुसऱ्या वेळी टेकूपर्यंत पोहोचलो, पण चिमट्याच्या पुढे आलेला दात नॉचमध्ये बसवून पीस मध्यावर आणायचा असतो, तो बसेना. जाळी लागेपर्यंत स्टॉपवॉच ९ सेकंदांवर. पिसाच्या अंगावर तोवर पांढरं दव धरायला लागलं होतं. तिसऱ्यांदा ७. काकांनी चौथा स्वतः केला. घाई कुठेच दिसली नाही. हात पाण्यातून वस्तू काढावी तसा गेला आणि आला. साडेतीन सेकंद.

"उशीर झाला की पीस तापतो. तापला की आकडा..."

"वाढतो," मी म्हटलं. दुसरी फुली.

तिसरी फुली पीस अडकण्याची. तुटलेला तुकडा बाहेर न उडता हातोडा आणि टेकू यांच्यात सापडला तर हातोड्याला तोही रेटावा लागतो, म्हणजे आकडा पुन्हा वरच. एव्हाना माझ्या अकरा मुद्द्यांची हवा गेली होती. मी ज्या ज्या चुका लॅबच्या माथी मारायला आलो होतो, त्यातल्या बहुतेक खऱ्या निघाल्या असत्या तर माझा वेल्ड आणखी वाईट ठरला असता. आकडा खाली ओढणाऱ्या गोष्टी थोड्याच: बाथ ठरल्यापेक्षा थंड असणं, नॉच जास्त खोल जाणं, नॉचच्या तळाशी ओरखडा असणं. बाथचं तापमान मी दुसऱ्या थर्मामीटरने तपासून घेतलं. फरक अर्ध्या अंशाचाही नव्हता. राहिला नॉच.

त्या छोट्या खाचेवर सगळा खेळ आहे. पीस १० बाय १० चा, ५५ मिलिमीटर लांब. मधोमध व्ही आकाराची खाच, ४५ अंशांची, २ मिलिमीटर खोल, आणि तळाशी पाव मिलिमीटरची गोलाई. या गोलाईला सूट जेमतेम ०.०२५ मिलिमीटरची. पोलाद खेचताना ते आधी जरा वाहतं, ताणतं, मग तुटतं. खाचेच्या टोकाशी मात्र ताण एकवटतो आणि आजूबाजूचं न ताणलेलं पोलाद टोकाला मोकळेपणी वाहू देत नाही. त्यात थंडी आणि धक्का. पोलादाला वाहायला ना जागा मिळते ना वेळ. चांगलं पोलाद अशाही स्थितीत थोडं वाहून घेतं. वाईट पोलाद थेट फाकतं. टेन्साइलमध्ये झकास निघालेला माझा वेल्ड इथे का आपटू शकतो, याचं उत्तर एवढ्यात आलं. टेन्साइलच्या गुळगुळीत पिसाला ही कोंडी कधी होतच नाही.

त्याच लॉटमधला एक जादा पीस नॉच मारून तसाच पडून होता. काकांनी तो प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवला. पडद्यावर पन्नास पट मोठी सावली पडली. २ मिलिमीटरची खाच चांगली १० सेंटिमीटरची दिसू लागली. पडद्यावर दोन रेषांचा नमुना लावलेला असतो, सावलीची कड त्या दोन रेषांच्या मधून गेली पाहिजे. बाजू गेल्या. खोली बरोबर. तळाशी मात्र सावली रेषेला सोडून स्पष्ट फाकलेली.

काका गप्प झाले. पीस उलटा लावून पाहिला, पुसून पाहिला. गोलाई ०.३१ च्या आसपास भरत होती. नॉच पाडायचा ब्रोच झिजला होता. लॉटमधला पहिला पीस प्रोजेक्टरवर पाहायचा हा त्यांचा शिरस्ता, पण त्या दिवशी कामाच्या रेट्यात ते पाहणं राहून गेलं होतं. रजिस्टरमध्ये त्या ओळीसमोर रकाना कोरा होता. त्यांनी तो मला दाखवला. लपवला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

माझी कळी खुलली. सापडली चूक! टेस्ट बाद, रिपोर्ट बाद. मी जवळजवळ टाळीच वाजवणार होतो, तेवढ्यात काका चष्मा काढत म्हणाले, "साहेब, नॉच बोथट आहे. टोकदार नाही."

टोकाची गोलाई वाढली की ताण कमी एकवटतो. पीस तुटायला जास्त ऊर्जा घेतो. म्हणजे आकडा वर. म्हणजे माझे ३१, १६ आणि २४ हे लॅबच्या चुकीमुळे कदाचित फुगून आलेले आकडे होते.

नियमाप्रमाणे टेस्ट बादच झाली. ब्रोच बदलला, कूपनचा उरलेला तुकडा होता त्यातून वेल्डचे तीन पीस नव्याने काढले, प्रत्येक पीस प्रोजेक्टरवर पाहिला. या वेळी मी साक्षीला उभा होतो. जाळीबाहेरून पाहत होतो तरी पहिल्या पिसाला दचकलो, कारण आवाज फार कोरडा आला. टक्क. हातोडा पलीकडे जवळजवळ रिकाम्या झोक्याइतका चढला. १९. मग १४. मग २२.

"बोथट नॉचने पाच जूल वाढवले होते तर," मी म्हणालो. काकांनी मान हलवली. तीन-तीन पिसांवरून तसं छातीठोक म्हणता येत नाही. वेल्डमध्ये दोन मिलिमीटर इकडे-तिकडे गेलं तरी आकडे एवढे हलतात. मला मात्र मनातून ते पाच जूलच वाटत राहिले.

त्यानंतर काकांनी जे दाखवलं ते खरं तर मी पहिल्या दिवशीच मागायला हवं होतं. तुटलेले तुकडे. हॅझचा ११८ चा आणि वेल्डचा १४ चा, शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली धरले. हॅझच्या तुकड्याचा चेहरा करडा, मंद, रेशेदार. कडांना ओठ सुटलेले आणि हातोडा बसला त्या बाजूला पीस फुगून रुंद झालेला. ती वाढलेली रुंदी डायल गेजने मोजतात. मोजली तर मिलिमीटरच्या वर. वेल्डच्या तुकड्याचा चेहरा मिठाच्या खड्यासारखा चमचमता, सपाट. उजेडात फिरवला की एकेक कण वेगळा चमके. कडा जशा कापल्या होत्या तशाच काटकोनात, फुगवटा जवळजवळ नाही. कण स्वतःच्या पातळीवर चिरत गेले होते, कुठे वाहिले नव्हते. इथे आकड्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

मशीनच्या मागच्या भिंतीवर एक जुनं छायाचित्र होतं. शांत पाण्यात धक्क्याला लावलेलं एक जहाज, पाठीचा कणा मोडल्यासारखं मधोमध दुभंगलेलं. शेनेक्टडी नावाचा टँकर, १६ जानेवारी १९४३, अमेरिकेतलं पोर्टलंड. नवं कोरं जहाज, चाचणी फेरी करून आलेलं, ना वादळ ना टक्कर. थंडीत रात्री डेक आणि दोन्ही बाजू फाटल्या, फक्त तळाची प्लेट शाबूत राहिली. त्या काळात घाईने वेल्ड करून बांधलेल्या अनेक जहाजांना अशा भेगा गेल्या, आणि त्यांच्या प्लेटा तपासतानाच आकडा आणि तापमान यांची सांगड बसत गेली. मी काकांना विचारलं, हे २७ असलं विचित्र का, २५ किंवा ३० का नाही? ते हसले. मूळ आकडा २० फूट-पाउंड. जुलात बदलला की २७ होतो. पाच वर्षं मी तो आकडा टाइप करत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

आता प्रश्न उरला: वेल्ड असा का? काकांनीच सुचवलं, मॅक्रो करून बघा. कूपनचा आडवा छेद घेतला, पॉलिश केला, नायटलचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडचा, बोळा फिरवला. मिनिटभरात राखाडी पृष्ठभागावर वेल्डचे थर उमटू लागले, झाडाच्या खोडातली वलयं दिसावीत तसे. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. पुन्हा मोजले. सात.

माझ्या सहीच्या तक्त्यावर चौदा पास, म्हणजे रॉडच्या चौदा फेऱ्या, होत्या.

२५ मिलिमीटरच्या प्लेटचा व्ही आकाराचा सांधा भरायला सात पास, म्हणजे वेल्डरने खालून वर जाताना या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंद विव्हिंग करत, म्हणजे रॉड डावी-उजवीकडे झुलवत, एका थरात एकच पास ओढला होता. दिसायला सुंदर, काम झटपट. पण त्यात रॉड रेंगाळतो, हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर मिलिमीटरला मिळणारी उष्णता, चढतो, वेल्ड सावकाश थंड होतो आणि कण मोठे, लांबट, खांबांसारखे वाढतात. बारीक पासांमध्ये वरचा पास खालच्याला पुन्हा तापवून त्याचे कण बारीक करतो. सात जाड थरांत त्या पुन्हा तापण्याचा लाभ थोड्याच भागाला मिळाला. छेदावर ते उघड दिसत होतं. जाड, फिक्या पट्ट्यांमध्ये खांब उभे, आणि पीस जिथून काढले तिथे नॉच नेमका त्यांच्यातून गेलेला.

परत येऊन वेल्डर मामांना विचारलं. ते सरळ म्हणाले, "साहेब, विव्हिंगच केलं. कोणी नको म्हटलं नव्हतं. आणि तुम्ही तर तिथं नव्हताच." खरं होतं. पहिले दोन पास मी उभा राहून मोजले होते, मग मला ऑफिसमधून बोलावणं आलं, आणि उरलेला तक्ता मी प्रोसिजरच्या मसुद्यावरून मागाहून भरला होता. मिनिटाला १०० मिलिमीटरचा वेग, चौदा पास, सगळं मर्यादेत. मामांनी प्रत्यक्षात लावला होता तो वेग त्यांच्याकडून करून घेतला, स्टॉपवॉच लावलं, तर मिनिटाला जेमतेम ६०. २४ व्होल्ट, १३० अँपिअर. गणित केलं: मिलिमीटरला ३.१ किलोजूल. मी लिहिलं होतं १.९.

वरिष्ठांना हे सांगताना कान गरम झाले होते. ते फार बोलले नाहीत. "नवीन कूपन लाव. या वेळी खुर्ची तिथेच नेऊन टाक."

दुसरं कूपन वेल्ड व्हायला जवळजवळ अख्खा दिवस गेला. प्रत्येक पासला मी लांबी मोजली, वेळ लावला, व्होल्ट आणि अँपिअर क्लॅम्प मीटरने घेतले. दोन पासांच्या मध्ये तापमान उतरेपर्यंत थांबायचं, तेव्हा मामा वैतागून हातमोजे काढून बसायचे. रुंद विव्हिंग बंद. थरात शेजारी शेजारी दोन किंवा तीन बारीक पास. एकूण सतरा भरले. हीट इनपुट १.४ ते १.७ च्या मध्ये. पाचव्या पासला आकडा १.९ दिसला तेव्हा तोही तसाच लिहिला आणि मामांना दाखवला. पुढचा पास ते न सांगता वेगाने घेऊन गेले.

पीस तोडायच्या दिवशी मी पुन्हा जाळीबाहेर. काकांनी आधी तिन्ही पीस प्रोजेक्टरवर दाखवले, मी रजिस्टरच्या त्या रकान्यात साक्षीदार म्हणून आद्याक्षरं केली. पहिला पीस: ९२. आवाजच वेगळा, दबका, ओली फांदी मोडावी तसा. दुसरा ८४. तिसऱ्याला हातोडा पलीकडे बराच कमी चढला. १२८. जाळी उघडली तर त्या पिसाचे दोन तुकडे झालेलेच नव्हते, एका बारीक करड्या सालीवर दोन्ही अर्धे लटकत होते. काकांनी तो उचलून बिजागरीसारखा एकदा मिटला. साल तुटली. "हातानं तुटला म्हणजे तुटला असंच धरायचं," असं म्हणत त्यांनी दोन्ही तुकड्यांवर मार्करने नंबर घातला आणि ते माझ्या तळहातावर ठेवले. अजून थंड होते.